पंख दुमडल्यावरची उंची

पाकीट ह्यांच्या नावाने आलं आणि दोन दिवस जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीला टेकून उभं राहिलं. आमचे हे जाऊन तेव्हा एकतीस दिवस झाले होते. दिवस मी मोजत नव्हते. नणंद रोज सकाळी फोन करून मोजून सांगायची. मग विचारायची, रडलीस का गं? मी म्हणायचे, नाही वन्सं. त्यावर ती स्वतःच बराच वेळ रडायची आणि मी फोन कानाला लावून खिडकीची कडी किती गंजलीय ते बघत बसायचे.

मला दुःख होत होतं आणि मी ते दाबत होते, असं काही नव्हतं. काही होतच नव्हतं. दात काढायच्या आधी सुई दिली की गाल आपला राहत नाही, तशी मी सगळीच झाले होते. चहात साखर दोनदा पडायची आणि मी तो तसाच प्यायचे. लेक चार दिवस राहून गेली, तिने फ्रिजवर औषधांची यादी लावली आणि जाताना माझ्या गळ्यात पडली. मी तिची पाठ थोपटली. ती म्हणाली, आई, तू दगड झालीयेस. मला ते बरोबर वाटलं.

तिसऱ्या दिवशी टेबल पुसायचं म्हणून पाकीट उचललं आणि उचललंच आहे तर फोडलं. आत आठ घड्यांचं एक ड्रॉइंग होतं. बंदरामागच्या जुन्या हँगरला नवा दरवाजा काढायचा होता, त्याचं. सोबत इंजिनिअर बाईंची चिठ्ठी: तांत्रिक सल्लागार म्हणून आपण विमानाचे आकडे तपासून सही करून पाठवावेत, म्हणजे गुरुवारी अकरा वाजता दरवाजावरच्या बीमचं काँक्रीट घालता येईल. बाई त्या कामावर नव्या होत्या. सल्लागार वारल्याचं त्यांना कोणी कळवलं नसावं.

हे आयुष्यभर बंदराच्या कचेरीत कारकून होते. येणाऱ्या जहाजांची लांबी, रुंदी, बुड पाण्यात किती, हे रजिस्टरात लिहायचं, एवढंच काम. विमानात बसले ते उभ्या जन्मात दोनदा, आणि दोन्ही वेळा पोटात ढवळलं म्हणून डोळे मिटून. पण जहाजाच्या डेकवरून उडणारी जुनी पिस्टन इंजिनांची विमानं म्हटली, की माणूस हातचा गेलाच. त्यांचं एक पुस्तक आहे. चौसष्ट विमानं, प्रत्येकाची बावीस मापं. पंखांची लांबी, रिकामं वजन, जास्तीत जास्त वजन, इंजिनाची ताकद, वेग, पल्ला, पोटाखाली काय काय टांगता येतं. सबंध पुस्तकात एक माणूस नाही, एक गोष्ट नाही. छापल्या सहाशे प्रती, त्यातल्या दीडशे माळ्यावर होत्या. पण ज्यांना त्या विषयाचं वेड आहे, ते अजून म्हणतात की त्या पुस्तकात आहे म्हणजे तसंच आहे.

टाइप मी केलं होतं. तीन हिवाळे, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, दुपारी, लेक शाळेतून यायच्या आत. एकेचाळीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघांनी मिळून केलेलं काम तेवढंच. बाकी ह्यांचं हे करायचे, माझं मी.

पुस्तकाची पहिली प्रत आली त्या दिवशी ह्यांनी सुट्टी काढली होती. दिवसभर प्रत घेऊन बसले. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "एक सांगायचं राहिलं. पुस्तकात मी मुद्दाम एक आकडा खोटा घातलाय. सापळा म्हणून. कोणी आपलं पुस्तक चोरून छापलं, तर तो आकडाही चोरेल आणि सापडेल." मी विचारलं, कोणता? म्हणाले, ते नाही सांगणार. सापळा एकालाच माहीत असावा.

माझ्या मनाला ते फार लागलं. तीन हिवाळे बोटं झिजवली, चौदाशे आठ आकडे ठोकले, आणि माझ्यावर एका आकड्याचा विश्वास नाही. मी भांडले नाही. पण ती गोष्ट गिळली तशीच राहिली, खाली काही गेली नाही. पुढे दोघातिघांनी खरंच पुस्तकातली पानंच्या पानं उचलली. मी म्हणायचे, आहे ना तुमचा सापळा, मग पकडा की. हे म्हणायचे, जाऊ दे. मला वाटायचं, भित्रा आहे माणूस. उंदीर पिंजऱ्यात आलाय आणि हा पिंजऱ्याकडे पाठ करून बसलाय. पुस्तक आल्यापासूनच्या एकतीस वर्षांत मी हे त्यांना निदान पन्नासदा तरी ऐकवलं असेल, लोकांसमोरसुद्धा.

तर ते ड्रॉइंग. हँगरमध्ये जायचं होतं ते विमान पुस्तकातलं एकोणचाळिसावं. हल्ला करणारं, एका वैमानिकाचं, नाकात अठरा सिलिंडरचं एकच इंजिन, ताकद सत्तावीसशे अश्वशक्ती. दिसायला बेढब, वेगाने यथातथा. पण स्वतःच्या वजनाएवढं ओझं पंखांखाली घेऊन उठायचं, म्हणून वापरणाऱ्यांनी त्याला नाव ठेवलं होतं हमाल. असं एक हमाल सहा वर्षांपूर्वी बंदराच्या मागच्या अंगणात गवतात सापडलं. शेपूट गंजलेली, बाहेरचे पंख उतरवून शेजारी टाकलेले. आठ निवृत्त मेकॅनिकांनी ते दत्तक घेतलं आणि घरच्यांची बोलणी खात सहा वर्षं घासलं, ठोकलं, रंगवलं. त्यांचे म्होरके ग्रीसअण्णा. वय ऐंशी. कोपरापर्यंतचा काळा रंग कधी धुतला गेला नाही म्हणून हे नाव, आणि आता त्यांची बायकोसुद्धा त्याच नावाने हाक मारते.

बंदरवाल्यांना महिनाअखेर ते अंगण रिकामं हवं होतं. विमान हँगरच्या आत गेलं तर राहील, नाहीतर भंगारात जाईल, असं कागदावर होतं. म्हणून दरवाजा. आणि दरवाजा किती उंच, हे अवलंबून होतं एका मापावर: पंख दुमडल्यावरची उंची. ही विमानं जहाजाच्या पोटात उभी राहायची. जागा थोडी, म्हणून पंख मधोमध मोडून वर घ्यायचे, हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसासारखे. मग रुंदी निम्मी होते आणि उंची वाढते. किती वाढते ते मोजायला पंख बसवलेले हवेत, आणि ह्या हमालाचे पंख अजून लाकडी घोड्यांवर पडून होते. आधी छपराखाली न्यायचं आणि मग बसवायचे, तर आत पंख पसरून जोडायला जागा नव्हती. पंख बसवून, दुमडून, एकाच दिवशी आत ढकलायचं ठरलं होतं.

मी पुस्तक उघडलं, पान एकशे सतरा, आणि पेन्सिल घेऊन एकेक आकडा ताडत गेले. हे काम मला झोपेतही येतं. लांबी बरोबर. चाकांमधलं अंतर बरोबर. दुमडल्यावरची रुंदी बरोबर. दुमडल्यावरची उंची ड्रॉइंगवर ५.५१ मीटर होती, पुस्तकात ५.१५. मी ५.५१ वर काट मारली, वर ५.१५ लिहिलं, खाली माझी सही केली आणि पाकीट परत टाकलं. मनात एवढंच आलं, की आजकाल कोणी लक्ष देऊन काम करत नाही.

मंगळवारी अण्णांचा फोन आला. आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, मग लेकीची, मग हवेची. मग म्हणाले, "वहिनी, तो आकडा तुम्ही बदललात. नक्की ना?"

मी म्हटलं, पुस्तक माझ्यासमोर उघडं आहे.

"हो, पुस्तकात तसंच आहे."

मग अडचण काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, अडचण नाही, इंजिनिअर बाई तर खूश आहेत. दरवाजा खाली आला, त्यामुळे वरची जुनी खिडकी फोडायची वाचली. माझं डोकं तेव्हा फार लवकर तापायचं. तेही वरवर, आत काही पोचायचं नाही. मी म्हणाले, "अण्णा, ह्यांचा आकडा कधी चुकलाय का?"



"नाही वहिनी," ते म्हणाले. "त्यांचा नाही चुकला." आणि फोन ठेवला.

बुधवारचा दिवस गेला. कसा गेला ते विचारू नका, मला तेव्हा दिवस जाताना दिसायचे नाहीत. गुरुवारी सकाळी सातला नणंदेचा फोन झाला, अडतिसावा दिवस. भांडी विसळताना अण्णांचं एक वाक्य पुन्हा कानात आलं. पुस्तकात तसंच आहे, म्हणाले. म्हणजे पुस्तक त्यांनी पाहिलं होतं. पाहूनही इंजिनिअर बाईंना ड्रॉइंगसाठी दुसरा आकडा दिला. ज्या माणसाने सहा वर्षांत स्क्रूसुद्धा पुस्तकाला विचारल्याशिवाय पिळला नाही, तो एवढं धाडस का करेल?

मग डोक्यात उजेड पडला. सापळा. चौदाशे आठ आकड्यांमधला तो एक खोटा आकडा हा असणार.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला आतून काहीतरी झालं, आणि तो राग होता. हातातली वाटी मी आपटलीच. वाटलं, वा रे वा तुमचा सापळा. चोर एक सापडला नाही, आणि आता आठ म्हातारे सापडणार. वर तीस सेंटिमीटर मोकळे धरून दरवाजा ५.४५ चा होणार, हमाल ५.५१ चं, सहा सेंटिमीटरसाठी बाहेर राहणार आणि महिनाअखेर कापलं जाणार. बीमवर छपराचा भार, एकदा घातला की फोडता येणार नाही. आणि हे सगळं माझ्या सहीने. बायकोला विश्वासात घेतलं असतं तर तोंड झिजलं असतं का?

पण खात्री हवी. नुसत्या रागावर ड्रॉइंग बदलता येत नाही. खरा आकडा ह्यांच्या वहीत असणार. मी स्टूल घेतलं, माळ्यावरची पेटी ओढली, आणि पुस्तकांचे गठ्ठे बाजूला करून तळातून वही काढली. निळ्या शाईतलं बारीक, सरळ अक्षर. एकोणचाळीस. पंख दुमडल्यावरची उंची: ५.५१. पुढे लाल पेन्सिलीची टिक.

वहीखाली माझी टाइप केलेली पानं होती, दोऱ्याने बांधलेली. तीही काढली. खरं तर काही गरज नव्हती, खरा आकडा मिळाला होता. हे छापखान्यात जाऊन शेवटच्या क्षणी आकडा बदलून आले असणार, असं माझ्या मनात होतं. तो चोरटेपणा डोळ्यांनी बघावा, म्हणजे रागाला जोर येईल, एवढ्यासाठी काढली.

टाइप केलेल्या पानावर ५.१५ होतं.

खाडाखोड नाही, पांढरी शाई नाही. माझ्या टाइपरायटरचा तो ओळीच्या जरा वर उडणारा पाच, मग टिंब, मग एक, मग पुन्हा वर उडणारा पाच. छापखान्यात कोणी काही बदललं नव्हतं. त्यांनी माझ्या पानावरून छापलं होतं.

मी स्टुलावर बसले. माझ्या बोटांना एक खोड आहे. शेजारचे दोन आकडे ती उलटे टाकतात. लग्नाआधी मालवाहतुकीच्या कचेरीत टायपिस्ट होते, तिथे सदतीस खोक्यांची त्र्याहत्तर करून ठेवली होती आणि साहेबाने सगळ्यांसमोर काढलेली सालपटं मला अजून आठवतात. म्हणूनच पुस्तकाच्या वेळी आम्ही ताडून पाहायची रीत पाडली होती. रात्रीची जेवणं झाली की मी माझं पान मोठ्याने वाचायचे, हे वहीत बघून टिक करायचे. आता कळलं की त्या रीतीतच भोक होतं. ज्या डोक्याने आकडा उलटा टाइप केला, तेच डोकं तो पुन्हा सुलटा वाचत होतं. कागदावर ५.१५ होतं आणि मी वाचलं असणार, पाच पॉइंट पाच एक. ह्यांनी कागद पाहिला नाही. माझा आवाज ऐकला आणि टिक केली.

सापळा बिपळा काही नव्हता. पहिली प्रत आली तेव्हा दिवसभर बसून ह्यांनी सगळे आकडे पुन्हा ताडले, आणि एक चुकलेला सापडला. माझा. मग संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन ते खोटं बोलले. कधी चहात साखर कमी आहे की जास्त, याबद्दलही खोटं न बोललेला माणूस. आणि कोणता आकडा ते सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मी पान काढून बघितलं असतं. लोकांनी पानं चोरली तेव्हाही गप्प बसले, कारण पकडायचं तर तो आकडा चारचौघांत काढावा लागला असता. मी त्यांना भित्रा म्हटलं तेही ऐकून घेतलं, पन्नासदा.

हे सगळं मला समजलं, अगदी हिशेब सुटावा तसं स्वच्छ समजलं, आणि तरीही छातीत काही हललं नाही. मी घड्याळ पाहिलं. नऊ वाजून दहा.

हँगरला तीनदा फोन लावला. वाजला, वाजला, थांबला. सगळे बाहेर असणार, दरवाज्यापाशी. मी वही आणि ते टाइपचं पान पिशवीत घातलं, घराला कुलूप लावलं आणि बस पकडली. दोन बस बदलाव्या लागतात. दुसरीत एका बाईने मला जागा दिली आणि म्हणाली, आजी, तुमच्या पायांत दोन वेगळ्या चपला आहेत. मी बघितलं, होत्या. थँक्यू म्हटलं.

पोचले तेव्हा अकराला वीस कमी होते. मिक्सर घरघरत होता. हँगरची भिंत मधोमध उघडलेली, वर फळ्यांचं सेंट्रिंग बांधलेलं, त्यात सळयांची जाळी. खाली सात म्हातारे खिशांत हात घालून उभे होते. त्यांच्यामागे अंगणात हमाल, नाक वर, रंग नवाकोरा, आणि दोन्ही बाजूंचे पंख अर्धवट, कोपरापासून हात नसल्यासारखे.

आणि अण्णा शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, बरोबर जिथे काँक्रीट पडणार तिथे, हाताची घडी घालून बसले होते.

इंजिनिअर बाई खालून त्यांना समजावत होत्या. पोरगी वाईट नव्हती, रडकुंडीला आली होती. मला म्हणाली, "तासभर झाला, काका उतरतच नाहीत. म्हणतात आकडा चूक आहे. मी विचारलं, लेखी काही आहे का? तर नाही म्हणतात. कोणी सांगितलं? तर तेही सांगत नाहीत. मी सही होऊन आलेल्या ड्रॉइंगवर काम करायचं, की शिडीवर बसलेल्या माणसाच्या सांगण्यावर?"

मी म्हटलं, सही माझी आहे. मिक्सर थांबवा. आकडा ५.५१.

वही उघडून तिच्यासमोर धरली. तिने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि हात वर करून मिक्सरवाल्याला खूण केली. मिक्सर थांबल्यावर अंगण एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. सातातले दोघे मटकन खालीच बसले. अण्णा एकेक पायरी करत उतरले. ऐंशी वर्षांच्या माणसाला शिडी उतरायला बराच वेळ लागतो.

खाली आल्यावर ते माझ्याकडे बघेनात. वर चढायच्या आधी तुम्हाला दोनदा फोन केला, म्हणाले, कोणी उचलला नाही. मी म्हटलं, त्याआधी मी तुम्हाला करत होते. मग विचारलं की खरा आकडा तुम्हाला कोणी दिला. ते पायाने खडा उडवत राहिले.

"अण्णा, मला आत्ताच्या आत्ता हवंय."

"साहेबांनी," ते म्हणाले. "चैत्रात... छे, पाचसहा महिने झाले असतील. दरवाज्याचं निघालं तेव्हा इथे आले होते, त्या ड्रमवर बसले होते. म्हणाले, पुस्तकातला घेऊ नका, तो चुकलाय, माझ्या हातून."

"मग मंगळवारी मला का नाही सांगितलंत?"

"शपथ घातली होती, वहिनी. तुमच्या कानावर जाता कामा नये म्हणून."

ते बोलत राहिले, खाली बघूनच. "मी म्हटलं, अहो साहेब, तुमचीच चूक आहे तर वहिनींना सांगायला काय हरकत? तर म्हणाले, आयुष्यात आम्ही दोघांनी मिळून केलेलं काम तेवढं एकच आहे. ते तिच्यापुरतं बिनचूक राहू दे."

सातही म्हातारे दुसरीकडे बघायला लागले. कोणी बुटाची नाडी, कोणी आकाश. त्यांना माहीत होतं, सगळ्यांना. सहा महिने आठ माणसांनी माझ्यापासून ते लपवून ठेवलं होतं, आणि अण्णा तर त्यासाठी शिडीवर चढून बसले होते, पण बोलले नव्हते.

इंजिनिअर बाईंनी ड्रॉइंग एका फळीवर पसरलं. कोपऱ्यात दुरुस्त्यांचे रकाने होते: जुना आकडा, नवा आकडा, कारण, सही. ही प्रत काम संपल्यावर काचेत घालून हँगरच्या भिंतीवर लागणार, असं तिने सांगितलं. नियमच तसा आहे. मी जुना आकडा लिहिला, ५.१५. नवा लिहिला, ५.५१. लिहून झाल्यावर दोनदा बोट ठेवून तपासला. कारणापाशी पेन थांबलं. अण्णा हळूच म्हणाले, तो रकाना रिकामा सोडा, कोणी विचारत नाही.

मी लिहिलं: टाइप करताना चूक. खाली माझं पूर्ण नाव लिहून सही केली.

अण्णांनी चष्मा वर करून वाचलं. त्यांचा चेहरा पडला. "वहिनी, साहेबांना हे नको होतं."

"ते आता नाहीत, अण्णा," मी म्हणाले.

हे वाक्य मी अडतीस दिवसांत किती जणांना सांगितलं असेल. बँकेत, दवाखान्यात, फोनवर, दारात. प्रत्येक वेळी ते तोंडातून सरळ बाहेर पडलं होतं. ह्या वेळी ते बाहेर पडलं आणि मला ऐकू आलं. ते नाहीत. मला कळलंय, हे आता त्यांना सांगता येणार नाही. भित्रा म्हटल्याबद्दल माफी मागता येणार नाही. रात्री जेवणं झाल्यावर टेबलाशी बसून मी वाचेन आणि समोर कोणी टिक करणार नाही.

अण्णांनी तो ड्रम पुढे ओढला आणि मला त्यावर बसवलं. मी तिथे बसून रडले, मोठ्याने, तोंड न झाकता, मिक्सरवाल्यासमोर आणि सगळ्यांसमोर. कोणी मला गप्प केलं नाही. इंजिनिअर बाई बाजूला जाऊन सुतारांना नवं माप सांगत होती, आणि ते वर चढून फळ्या सोडायला लागले होते.